जिवाणूची ठेव: आधी पावती, मग पेटंटचा अर्ज

यंत्राचं चित्र काढता येतं, रसायनाची कृती लिहिता येते. पण लोणारच्या खाऱ्या चिखलातून वेगळा काढलेला जिवाणू शब्दांत कितीही रंगवला, तरी तो वाचणाऱ्याच्या प्रयोगशाळेतल्या प्लेटवर उगवत नाही. म्हणून पेटंट कायद्याच्या कलम १०(४) नुसार असा जीव लोकांना अन्यत्र मिळण्यासारखा नसेल, तर तो जिवंत जमा करावा लागतो. तोही बुडापेस्ट करारातल्या (पेटंटसाठीच्या अशा ठेवींचा आंतरराष्ट्रीय करार) मान्यताप्राप्त संस्थेतच. चंडीगडचं एमटीसीसी आणि पुण्याचं एमसीसी हे सूक्ष्मजीवांचे संग्रह म्हणजे आपल्याकडच्या अशा संस्था.

जास्तीत जास्त चुका तारखेत होतात. कल्चर, म्हणजे जिवाणूचा वाढवलेला जिवंत नमुना, भारतातला अर्ज दाखल होण्याच्या दिवशी किंवा त्याआधी जमा झालेलं हवं. ठेवीचा उल्लेख स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातलं शोधाचं सविस्तर वर्णन) घालायला अर्जापासून तीन महिने मिळतात, पण ती सवलत फक्त उल्लेखाला आहे, ठेवीला नाही. शिवाय ठेवीची तारीख म्हणजे कल्चर संस्थेत पोचल्याची तारीख, कुरिअरला दिल्याची नव्हे. महिनाभर आधी पाठवलेलं बरं. आणि जीनबँकेचा क्रमांक म्हणजे ठेव नव्हे. तो नुसता नोंदवलेल्या डीएनए-अनुक्रमाचा क्रमांक. संस्थेच्या सर्वसाधारण संग्रहात ठेवलेलं कल्चरही आपोआप बुडापेस्टची ठेव ठरत नाही, तसा वेगळा अर्ज करावा लागतो.

ठेवीच्या अर्जात वाढीचं माध्यम, तापमान, साठवणूक, जिवंतपणा तपासायची पद्धत आणि आरोग्याला असलेला धोका लिहायचा. संस्था पावती देते आणि तपासणीनंतर जिवंतपणाचा दाखला. इथे एक मेख आहे: तपासणीत जीव जिवंत आहे एवढंच कळतं, तुम्ही सांगितलेला गुण त्यात शिल्लक आहे की नाही ते नाही. प्लाझ्मिड (डीएनएचा सुटा तुकडा) असलेल्या ई. कोलाय जिवाणूसोबत अँटिबायोटिकचं नाव आणि प्रमाण लिहायला विसरलात, तर अँटिबायोटिकशिवाय पेशी मजेत वाढतील आणि प्लाझ्मिड गळून जाईल. दाखला मात्र निर्दोष! मिश्रणातला प्रत्येक स्ट्रेन (जिवाणूचा वाण) वेगळा जमा करा. एकत्र ठेवलेल्यांत जोमाने वाढणारा बाकीच्यांना दाबून टाकतो.

स्पेसिफिकेशनमध्ये संस्थेचं नाव-पत्ता, ठेवीची तारीख आणि क्रमांक, जीव ओळखता येईल अशी उपलब्ध असलेली सगळी लक्षणं, शिवाय मूळ स्रोत आणि ठिकाण हवं. ‘महाराष्ट्रातली माती’ असं मोघम लिहू नका. लोणार अभयारण्य आहे, म्हणजे नमुना उचलण्याआधी वनखात्याची परवानगी. जैवविविधता प्राधिकरणाचं काम वेगळंच: भारतीय अर्जदाराला पेटंट मंजूर होण्याआधी तिथे नोंदणी करावी लागते. आणि निसर्गात सापडला तसाच जीव, अशा शोधाला पेटंट नाकारणाऱ्या कलम ३(सी) मध्ये अडकतो. ठेवीची पावती त्यातून सोडवत नाही.

ही ठेव मुदतीआधी मोडता येत नाही. किमान ३० वर्षं, आणि नमुन्याची शेवटची मागणी आल्यापासून किमान पाच वर्षं, यांतली जी मुदत उशिरा संपेल ती. मधेच कल्चर मेलं, तर संस्थेची सूचना मिळाल्यापासून तीन महिन्यांत नवं द्यायचं, तेच असल्याच्या सहीच्या निवेदनासह. त्यासाठी त्याच बॅचच्या फ्रीझ-ड्राइड (गोठवून सुकवलेल्या) अँप्यूल, म्हणजे बंद कुप्या, स्वतःकडे, दोन वेगळ्या फ्रीझरांत ठेवा.