लंडनमधली टीएमटी

परवा दुपारी बँकेत केवायसीचे कागद द्यायला गेलो तर सर्व्हर डाऊन, तीननंतर या म्हणाले. आता मे महिन्यात ठाण्यात साडेबारा ते तीन माणसाने जायचं कुठे? घरी जाऊन परत यायचं तर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्येच तीन वाजणार. म्हणून मॉलमध्ये शिरलो, फुकटचा एसी खायला, आणि तिथे पोस्टर दिसलं. हिरो हातात दोन पपया घेऊन उभा, मागे हिरॉइन डोळा मारतेय, आणि पिक्चरचं नाव असं की इथे लिहीत नाही, आमच्या घरचे वाचतात.

शोला मोजून चौदा माणसं. मोजायची मला सवयच आहे, पिक्चर फालतू निघाला की मी पडदा सोडून पब्लिक बघत बसतो, आणि पब्लिक कधी फालतू निघत नाही. शेवटच्या रांगेत कॉलेजची पाच पोरं, जोक यायच्या आधीच हसणारी. एक जोडपं, त्यातली ती दर पाच मिनिटांनी "काय रे हे, शी" म्हणून त्याच्या दंडावर चापट मारायची, पण उठली नाही. दोन रिटायर्ड काका, एक हसत होता आणि दुसरा "दर्जाच राहिला नाही" म्हणत होता, तोही उठला नाही. एक डिलिव्हरीवाला मुलगा मांडीवर हेल्मेट ठेवून गाढ झोपलेला, माझ्या मते पैसे फक्त त्याचेच वसूल झाले. पुढे एक कुटुंब, नवरा-बायको आणि आजी. मुलगा मोबाईलमध्ये डोकं घालून कानापर्यंत लाल, सूनबाई पॉपकॉर्नच्या डब्यात बघतायत, आणि आजी मात्र खळखळून. मधेच विचारतात, "काय म्हणाला रे तो?" मुलगा म्हणतो, "काही नाही आई." आजींना सगळं कळलं होतं, त्यांना फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. सेन्सॉरने ए दिलेलं, पण आजी अठराच्या बऱ्याच वर होत्या त्यामुळे कायद्याने काही अडचण नव्हती.

पिक्चर अगदीच गरीब हो. तीन वेगवेगळ्या घरांत सोफा एकच, नुसती चादर बदललेली. हॉस्पिटल म्हणून जे दाखवलं तिथे मागे फळा, आणि फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि हजर लिहिलेलं, पुसायचंच विसरले. शिव्या होत्या तिथे टूं टूं, आणि त्या टूंवर पोरं जास्तच हसत होती कारण टूंच्या जागी प्रत्येकजण आपापली भर घालत होता.

इंटरव्हलनंतर हिरो लंडनला गेला. पडद्यावर इंग्रजीत लंडन आलं, व्हायोलिन वाजलं, आणि मोठमोठ्या खांबांच्या इमारती दिसल्या, आणि चौदाच्या चौदा माणसांना, म्हणजे झोपलेला सोडून तेरांना, एकदम कळलं की हे ठाण्यातलंच पातलीपाडा आहे. हिरानंदानी इस्टेट! तरी सगळे गप्प होतो, म्हटलं जाऊ दे, गरीबाने कुठे जायचं. पण मग हिरो हिरॉइनला विलायतेत मिठी मारतो आणि मागून सावकाश, अगदी तब्येतीने, टीएमटीची, आपल्या ठाणे महापालिकेची, बस जाते. जी हसली माणसं! दर्जावाले काका सगळ्यात जास्त. मुलाने मोबाईल खाली ठेवला. डिलिव्हरीवाला दचकून जागा झाला आणि काही न कळता तोही हसला. दोन तासांत पपई, केळी, भोपळा अशी अख्खी मंडई येऊन गेली होती, पण सगळ्यांना एकत्र हसवलं ते त्या बसने, आणि ती बिचारी तिच्या टायमाला चालली होती.

त्यावरून मला आमची गल्ली आठवली. ठाणे स्टेशनच्या अलीकडे राहायचो आम्ही, ऐंशीच्या दशकात, चाळ होती, आता तिथे टॉवर आहे. गणपतीत एका रात्री सोळा एमएमचा प्रोजेक्टर भाड्याने आणून गल्लीच्या मधोमध पांढरा कपडा बांधायचे आणि पिक्चर. कपडा मधोमध असल्यामुळे दोन्हीकडून दिसायचा, पण मागून उलटा. पाट्या उलट्या, हवालदार डाव्या हाताने सलाम ठोकणार, आणि पंगत असली की झाडून सगळे डाव्या हाताने जेवणार. मागे बसणारे म्हणजे उशिरा आलेले, नाहीतर लहान पोरं, असं मला वाटायचं.

एका वर्षी मंडळाच्या मीटिंगमध्ये दादा कोंडक्यांचा पिक्चर आणायचा की नाही यावर जोरदार भांडण झालं होतं. आमच्या चाळीत एक मास्तर होते, मराठी शिकवायचे, मलाही वर्गावर होते. ते म्हणाले, गणपतीसमोर हे असलं अश्लील दाखवाल तर माझी वर्गणी परत करा. वर्गणी अकरा रुपये. मंडळाने अकरा रुपये परत केले आणि दादा आले. नाडी लोंबतेय, हाफ पँट, आणि बायका पदर तोंडात कोंबून हसतायत. माझे वडील वांध्याची जागा आली की पाणी प्यायला उठायचे, त्या रात्री त्यांनी किती पाणी प्यायलं याला हिशोब नाही. मला एक अक्षर कळत नव्हतं, सगळे हसले की हसायचो.

रीळ बदलायच्या आधी मला लागली म्हणून मी कपड्याच्या पलीकडच्या मोरीकडे गेलो. तिकडे अंधार. आणि अंधारात उलट्या बाजूला, शाल डोक्यावरून घेऊन, मास्तर. एकटेच बसून पोट धरून हसतायत, पण आवाज नाही, नुसते खांदे हलतायत. मला बघितलं. मी त्यांना बघितलं. मग त्यांनी शालीतून हात काढला आणि मला मूठभर शेंगदाणे दिले. मी ते खाल्ले आणि पुढे जाऊन बसलो, कुणाला बोललो नाही, आज पहिल्यांदा बोलतोय.

गंमत पुढे आहे. नंतर काही वर्षांनी त्यांनी आम्हाला अलंकार शिकवले. श्लेष. एकाच शब्दाचे दोन अर्थ. 'हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस', जीवन म्हणजे आयुष्य आणि जीवन म्हणजे पाणी. म्हणजे पुस्तकात दोन अर्थ निघाले तर अलंकार आणि दोन मार्क, आणि दादांच्या तोंडून निघाले तर अकरा रुपये परत! हे मी वर्गात बोललो नाही अर्थात. पण फळ्यावर श्लेष लिहून ते वळले तेव्हा नेमकं माझ्याकडे बघितलं आणि लगेच खिडकीबाहेर बघितलं, ते मला आठवतं.

दादांची सगळी करामत तीच होती ना, शब्द कसे धुतलेले, सोवळे, घाण जी काय ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात, सेन्सॉरने कापायचं तरी काय. १९७१ चा सोंगाड्या दादरच्या कोहिनूरमध्ये लावायला मालक तयार नव्हता, तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले आणि मग तो धो धो चालला, ही गोष्ट प्रत्येक मराठी घरात एका तरी काकांना पाठ असते. पुढे ओळीने नऊ पिक्चर सिल्व्हर ज्युबिली, गिनीज बुकात नाव. आता एवढी तिकिटं कुणी काढली? आमच्या नात्यागोत्यात तर कुणीच बघितले नव्हते, विचाराल त्याला. नुसते सगळे डायलॉग पाठ होते.

बरं, आपल्याकडे याची सोयही होती. कोळीवाड्यात शिमग्याला शिव्या चालायच्या, हळदीच्या रात्री म्हाताऱ्या बायका जी गाणी म्हणायच्या ती ऐकून आजचे हे पपईवाले पळून जातील. पण त्याला रात्र ठरलेली होती. मंगळवारी दुपारी पाऊण वाजता, खिशात केवायसीचे कागद घेऊन नाही.

असो. पिक्चर सुटला. सुटल्यावर मी बुटाची लेस बांधतो, सुटलेली नसली तरी, कारण लोक जिन्यावर काय बोलतात ते ऐकल्याशिवाय मला चैन पडत नाही. पोरं म्हणाली कडक. जोडप्यातली ती म्हणाली पुढच्या वेळी पिक्चर मी निवडणार. दर्जावाले काका दुसऱ्याला टीएमटीचा सीन परत सांगत होते, जणू तो दुसरीकडे होता. आजी म्हणाल्या, "बरा होता, पण गाणी नाहीत." मुलगा म्हणाला, "आई, हळू बोल."

तेवढ्यात बायकोचा फोन.

"झालं का बँकेतलं?"

"नाही गं, सर्व्हर डाऊन. लाइनीत उभाय."

"एवढा वेळ? मग आहेसच तिथे तर माझं पण पासबुक भरून घे, तुझ्या बॅगेत टाकलंय सकाळी."

बॅग उघडून बघितली. होतं खरं. पण पावणेतीन झाले होते, आणि लेस आता खरंच सुटली होती.