शब्द त्याच्या सोबत्यासह शिकवताना

इंग्रजीच्या वर्गात नवा शब्द फळ्यावर लिहून त्यापुढे अर्थ देण्याची पद्धत मीही अनेक वर्षे पाळली, परंतु वह्या तपासताना तिची उणीव पुन्हा पुन्हा समोर येत गेली. ‘डू अ मिस्टेक’ असे लिहिणाऱ्या मुलीला दोन्ही शब्दांचे अर्थ पक्के ठाऊक होते. चुकली होती ती केवळ जोडी. मराठीत आपण चूकही ‘करतो’ आणि गृहपाठही ‘करतो’, इंग्रजीत मात्र चुकीला ‘मेक’ लागते आणि गृहपाठाला ‘डू’. त्यामागे व्याकरणाचा नियम नाही, निव्वळ वहिवाट आहे.

अशा रूढ जोड्यांना कोलोकेशन म्हणतात. इंग्रजी अध्यापनाचे तज्ज्ञ हॅरॉल्ड पामर यांनी १९३३ मध्येच टोकियोत त्यांचा संग्रह अध्यापनाच्या हेतूने सिद्ध केला होता; तरीही शब्दांच्या याद्या आजही एकेकट्या शब्दांच्याच असतात, याची मला खंत वाटते.

हा मुद्दा समजावताना मी आधी मराठीकडे वळते. पाऊस मुसळधार असतो आणि वारा सोसाट्याचा. ही विशेषणे आपसांत बदलून पाहा म्हटले, की मुलांच्या कानाला ते लगेच खटकते. मग ‘हेवी रेन’ आणि ‘स्ट्राँग विंड’ यांसाठी वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. वहीत नाम एकटे न लिहिता सोबत्यासह लिहावे, आणि आठवड्याने नाम तेवढे देऊन सोबती आठवायला लावावा, असा परिपाठ मी ठेवला आहे. त्यातही क्रियापद आणि नाम यांच्या जोड्यांना मी अधिक वेळ देते, कारण माझ्या वर्गात सर्वाधिक चुका तिथेच होतात.