‘संभाजी पूलवर’ कोण बोलतं?

पानशेतच्या पुराच्या आठवणी टाइप करून ठेवायचं काम आमच्याकडे चालू होतं. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत राहणारी माणसं आज ऐंशीच्या आसपास आहेत.

नोंदी एकमेकींना जोडणं हे माझं काम. ऑब्सिडियन या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपमध्ये एका जागेची एकच नोंद ठेवायची आणि तिला टोपणनावं द्यायची. पुण्यात ती लागतातच. संभाजी पुलाला लोक लकडी पूल म्हणतात, शिवाजी पूल म्हणजे नवा पूल.

पण ‘लकडी पूल’ शोधला तर हाती काहीच लागेना. बोलताना नुसता पूल येतो कुठे? पुलावर, पुलापाशी, पुलाखाली. सामान्यरूपात दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो, मग अक्षरं जुळणार कशी? ‘नव्या पुलावर’मध्ये तर दोन्ही शब्द बदललेले. म्हणून सामान्यरूपं ओळखून त्या जागेच्या नोंदीची लिंक देणारी छोटी स्क्रिप्ट मीच लिहिली, शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या नोंदींवर चालवली आणि खुशीत घरी गेलो.

शनिवारी सकाळी मुद्रितं तपासणारे काका प्रिंटआउट घेऊन समोर उभे.

“‘संभाजी पूलवर’ कुठल्या आजी बोलतात रे?”

स्क्रिप्टने आजींचा शब्द काढून तिथे मूळ नाव बसवलं होतं, वर प्रत्यय चिकटवला होता. काकांनी पान उलटलं. “आणि हे बघ. ‘पुरानंतर नव्या पुलाची बोलणी सुरू झाली.’ नवीन पूल बांधायची बोलणी रे! तू त्याला शिवाजी पुलाची लिंक दिलीस. तो १९२३ चा आहे.”

बॅकअप होता म्हणून वाचलो. पहिली चूक सोपी निघाली. दुहेरी चौकटी कंसात आधी मूळ नाव, मग उभी रेघ, रेघेनंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे. वाचणाऱ्याला तेवढेच दिसतात. दुसरीला इलाज नव्हता. ‘नव्या’ हे नाव की विशेषण, हे मागचं-पुढचं वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. आता स्क्रिप्ट नुसतं सुचवते, हो-नाही माणूस ठरवतो. सगळं पुन्हा करायला दोन दुपारी गेल्या.

एका आजोबांच्या नोंदीत नुसतंच होतं: ‘आम्ही पुलाकडे पळालो.’ काकांनी सरळ फोन लावला.

“कुठला म्हणजे? अहो, लकडी पूल!” आजोबा वैतागलेच.