हळदीच्या पिशवीवर रंग किती?

मार्केट यार्डातले एक हळदीचे व्यापारी आमचे जुने गिऱ्हाईक. सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. नव्या हळदीचे सौदे सुरू व्हायच्या आत त्यांना दोन हजार कापडी पिशव्या छापून हव्या होत्या. मोबाइलवर चित्र पाठवलं आणि लगेच फोन केला, "चारच रंग हायत ताई, चाराचाच दर लावा."

आमचं सांगलीत स्क्रीन प्रिंटिंगचं काम आहे. या धंद्यात रंग मोजून पैसे ठरतात. प्रत्येक रंगाला जाळीची वेगळी फ्रेम, वेगळं ट्रेसिंग (त्या रंगापुरतं चित्र उतरवलेला कागद), स्क्वीजीचा म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीचा वेगळा हात, आणि आधीच्या रंगाशेजारी तो नेमका बसवायचा ताण वेगळा. एक रंग वाढला की दोन हजार हात वाढतात. आजवर मी नजरेनंच अंदाज घ्यायची. मागच्या दिवाळीत एका ऑर्डरीत एक रंग नजरेतून सुटला आणि तो पदरचा घालून छापावा लागला. तेव्हापासून मोजल्याशिवाय दर सांगायचा नाही असं ठरवलं होतं, पण मोजायचं कसं ते माहीत नव्हतं.

माझा भाचा म्हणाला, "मावशी, इमेजमॅजिक टाक." हे चित्रांवर काम करणारं, फुकट मिळणारं साधन आहे. जॉन क्रिस्टी यांनी १९८७ साली ड्युपॉन्ट कंपनीत असताना ते लिहायला घेतलं. त्यात बटणं नाहीत. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा, उत्तर तिथंच उमटतं. एकदा टाकून घेतलं की इंटरनेटही लागत नाही आणि गिऱ्हाइकाचं चित्र आपल्या लॅपटॉपबाहेर जात नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

रंगांची संख्या विचारायचा हुकूम अगदी छोटा आहे : मॅजिक आयडेंटिफाय, मग उणे-फॉरमॅट, दुहेरी अवतरणात टक्का के, शेवटी फाइलचं नाव. पहिल्यांदा चुकलाच, कारण फाइलच्या नावात मोकळी जागा होती. अशा वेळी नावही अवतरणात घालावं लागतं. दुसऱ्यांदा उत्तर आलं : २१३६४.

माझा विश्वासच बसेना. चित्रात हळकुंड, हळदीचं पान, पितळी करंडा आणि खाली काळी अक्षरं. एकवीस हजार रंग कुठून आले? मग भाच्यानं दुसरा हुकूम दिला. फॉरमॅटमध्ये टक्का सी लिहून हिस्टोग्राम मागितला की प्रत्येक रंग आणि तो चित्राच्या किती ठिपक्यांत (पिक्सेलमध्ये) आहे याची यादी मिळते. ती उतरत्या क्रमानं लावली. सगळ्यात वर शुद्ध पांढरा, २५५-२५५-२५५. त्याच्याखाली २५४-२५४-२५४, मग २५३. माझ्या डोळ्याला हे तिन्ही एकच पांढरे, पण साधनाला आकडा एकानं जरी बदलला तरी रंग वेगळा. लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंग ते वेगवेगळे ओळखतं. त्याचं मोजणं बरोबरच होतं. माझ्याकडे शाईचे डबे किती उघडायचे, हे मी त्याला विचारलंच नव्हतं.

हे जादा रंग दोन वाटांनी येतात. अक्षराची कड गुळगुळीत दिसावी म्हणून काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये करड्या छटा भरलेल्या असतात. आणि जेपेग फाइल चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून ते दाबते, त्यामुळे कडेच्या आसपास पुसट डाग उठतात. मोठं करून पाहिलं तर करंड्याभोवती पाण्यात भिजल्यासारखी धूळ दिसते. म्हणून आता मी सगळ्यांना सांगते : चित्र फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि पीएनजी असेल तर उत्तमच.

मग रंग कमी करायला घेतले. उणे-कलर्स आणि पुढे ५. त्याआधी अधिक-डिदर लिहायचं, नाहीतर दोन रंगांचे ठिपके मिसळून तिसऱ्याचा भास केला जातो. इथे अधिक म्हणजे बंद आणि उणे म्हणजे चालू, हे अंगवळणी पडायला वेळ लागला. पांढऱ्यासकट पाच रंग आले. आप्पांचं खरं ठरलं म्हणून मी फोन उचलणार, तेवढ्यात करंड्याकडे लक्ष गेलं. मूळ चित्रात त्याच्यावर कुंकवाचं एक बोट होतं. ते गेलं होतं. साडेअकरा लाखांच्या वर पिक्सेलच्या चित्रात कुंकवाचे जेमतेम नऊशे. थोड्या जागेचा रंग म्हणून तो लाल करंड्याच्या तपकिरीत विरघळून गेला.

म्हणजे कोणते रंग ठेवायचे हे आपणच सांगायला हवं. लॅपटॉपवरच्या पेंट प्रोग्राममध्ये सहा चौकोन काढले : पांढरा, पिवळा, हिरवा, तपकिरी, काळा आणि कुंकवाचा लाल. पीएनजी करून आधी त्याच चित्रावर टक्का के चालवलं. ६ आले. मग मूळ चित्राला अधिक-डिदर, उणे-रिमॅप आणि या चौकोनांच्या फाइलचं नाव. आता प्रत्येक ठिपका या सहांपैकी सगळ्यात जवळच्या रंगात जाऊन बसतो. निकाल मोजला तर पुन्हा हजारो रंग! अर्धा तास गेला. मी निकाल जेपेगमध्येच ठेवला होता, त्यामुळे तीच धूळ परत आली होती. पीएनजी केल्यावर ६.

एक अडचण उरली होती. काळ्या अक्षरांच्या कडेला केसाएवढी तपकिरी रेघ आली होती, कारण कडेच्या करड्याला तपकिरी जवळचा वाटला. उणे-स्टॅटिस्टिक मोड, ३ बाय ३ लावलं की आजूबाजूला ज्याची संख्या जास्त तो रंग राहतो. नंतर पुन्हा एकदा रिमॅप करावं, कारण अधूनमधून नवी छटा शिरते. (फोटोसारख्या चित्राला हे काही उपयोगाचं नाही, तिथे चार रंगांच्या बारीक ठिपक्यांची जाळीच करावी लागते.)

पांढरा वजा केला, तो कापडाचाच. उरले पाच. प्रत्येक रंगाचं वेगळं ट्रेसिंग काढलं.

आप्पा संध्याकाळी आले. मी पाचवं ट्रेसिंग ट्यूबलाइटसमोर धरलं. अख्ख्या कागदावर जोंधळ्याच्या दाण्याएवढा एक ठिपका.

"एवढ्याला एक फ्रेम?"

"हो आप्पा. नको असेल तर कुंकू काढते, चाराचाच दर लावू."

त्यांनी कागद हातात घेतला, जरा वेळ बघितला. "हळद हाय आणि कुंकू न्हाई, असं कसं चालंल? पाच लावा."