रेन टीम अपडेट: पाऊस पाच टर्नच पुरतो, मग ते वापरायचे कसे

तर मंडळी, पोकेमॉन स्कार्लेट-व्हायोलेटच्या स्पर्धांसाठीची माझी रेन टीम, म्हणजे पावसाच्या जोरावर खेळणारी टीम, आता बऱ्यापैकी आकाराला आलीये. फॉरमॅट रेग्युलेशन एच (स्पर्धेचा एक नियमसंच), म्हणजे लेजेंडरी नाहीत, पॅराडॉक्स नाहीत (हे पोकेमॉनचे खास गट), डबल्स म्हणजे दोन्हीकडून दोन-दोन पोकेमॉन एकाच वेळी मैदानात, सहातले चार न्यायचे आणि सगळे लेव्हल 50 वर. पेलिपर, आर्कालुडॉन आणि बॅस्क्युलेजन हे तिघं पहिल्यापासून पक्के होते, बाकीच्या जागा बदलत राहिल्या आणि सहावी तर अजूनही मोकळीच आहे, त्याबद्दल खाली लिहितो. पण आधी ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला ती सांगतो, कारण रेन टीमचा विषय निघाला की सगळे आर्कालुडॉनच्या इलेक्ट्रो शॉट या मूव्हच्या डॅमेजवर बोलतात आणि टर्न मोजण्यावर फारसं कोणी बोलत नाही.

पेलिपर मैदानात आला की त्याची ड्रिझल ही ॲबिलिटी लागते, पाच टर्न पाऊस, डॅम्प रॉक हा आयटम असेल तर आठ. जनरेशन 5 पर्यंतच्या गेम्समध्ये ॲबिलिटीने आलेला पाऊस आपोआप संपायचाच नाही, त्यामुळेच 2011 मध्ये स्मोगॉन या फॅन कम्युनिटीने आपल्या ओयू या फॉरमॅटमध्ये ड्रिझल आणि स्विफ्ट स्विम (पावसात स्पीड दुप्पट करणारी ॲबिलिटी) एकाच टीमवर ठेवायला बंदी घातली होती. जनरेशन 6 पासून पाच टर्नची मर्यादा आली आणि तेव्हापासून वेदर टीम म्हणजे मोजणीचा खेळ झालाय. आता यात एक बारकी गोष्ट आहे. पेलिपर टर्नच्या सुरुवातीला स्विच करून आणला तर तो टर्नसुद्धा पाचात धरला जातो, म्हणजे पुढे हातात चारच पूर्ण टर्न उरतात. पण आपला एखादा पोकेमॉन पडला आणि टर्न संपल्यावर त्याच्या जागी पेलिपर आला तर पाचच्या पाच मिळतात. आणि पाऊस चालू असताना पेलिपर परत आणला तर मोजणी नव्याने सुरू होत नाही, जुना पाऊस संपेपर्यंत ती ड्रिझल वायाच जाते. त्यामुळे पेलिपर कधी बाहेर काढायचा यापेक्षा तो परत कधी आणायचा हे जास्त महत्त्वाचं आहे, माझ्या मते अख्ख्या टीमचा जीव त्यातच आहे.

यावरून दुसरा प्रश्न आला तो स्पीडचा. दोन्हीकडचे वेदरवाले एकाच वेळी उतरले तर आधी वेगवान पोकेमॉनची ॲबिलिटी लागते, नंतर संथ पोकेमॉनची, आणि नंतरची टिकते. म्हणजे इथे हळू असणं फायद्याचं. पेलिपरचा बेस स्पीड 65, सॅंड (वाळूचं वादळ) आणणाऱ्या टायरॅनिटारचा 61, सन (ऊन) आणणाऱ्या टॉर्कोलचा 20. टॉर्कोलशी स्पर्धा नाहीच, तो विषय सोडून द्यायचा. टायरॅनिटारचा मात्र विचार करावा लागतो, काही गुंतवलं नाही तर तो 81 वर असतो आणि पेलिपर 85 वर, म्हणजे सॅंड टिकतं आणि पाऊस जातो. म्हणून मी पेलिपर क्वाएट नेचरचा (स्पीड कमी करणारा स्वभाव), स्पीड आयव्ही (जन्मजात गुण) 0 असा घेतलाय, तो 63 वर येतो. टायरॅनिटारनेसुद्धा सगळं काढून टाकलं तर तो 59 वर जातो आणि आपण हरतो, पण तो ट्रिक रूमवाला (ही मूव्ह लागली की काही टर्न संथ पोकेमॉन आधी चालतात) टायरॅनिटार, नेहमीचा नाही, त्यामुळे हा सौदा मला पटतो.

स्नो टीमसमोर उलटं चित्र. अलोलन नाइनटेल्सचा बेस स्पीड 109, ती कायम आपल्यापेक्षा वेगवान, त्यामुळे दोघं एकत्र उतरले की तिचा स्नो लागतो आणि लगेच वरून आपला पाऊस. पहिल्याच टर्नला अरोरा व्हेल (डॅमेज कमी करणारी मूव्ह) टाकायला गेली तर स्नो नसल्यामुळे मूव्ह फेलच होते. हा क्षण बघायला फार छान वाटतो, खरंच.

संथ पेलिपरचा तोटा म्हणजे टेलविंड (आपल्या बाजूचा स्पीड काही टर्न दुप्पट करणारी मूव्ह) उशिरा लागतो, मधे दोन फटके खावे लागतात आणि इलेक्ट्रिकला तो चौपट कमजोर आहे. म्हणून आयटम डॅम्प रॉक की फोकस सॅश (पूर्ण एचपीवर असताना एका फटक्यात पडू न देणारा आयटम) यावर बरेच दिवस डोकं लावलं. आठ टर्न ऐकायला भारी वाटतात, पण डबल्समध्ये मॅच तेवढी लांबत नाही आणि पेलिपर टेलविंड न लावताच पडला तर उरलेल्या पावसाचं करायचं काय? सॅशच ठेवलाय. मूव्ह्ज वेदर बॉल, हरिकेन, टेलविंड, वाइड गार्ड (दोघांवर एकदम पडणारे हल्ले अडवणारी मूव्ह). प्रोटेक्ट (स्वतःला वाचवणारी मूव्ह) नाही ही खटकणारी गोष्ट आहे पण वाइड गार्ड सोडवत नाही. हरिकेन पावसात चुकत नाही, एरवी अचूकता 70 आणि सनमध्ये 50. वेदर बॉल पावसात 100 पॉवरचा वॉटर होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण समोरच्याने सन लावला तर तोच फायर होतो आणि सनचा बूस्टही घेतो, म्हणजे त्यांच्याच उन्हात त्यांच्याच ग्रास टाइपवर मारता येतो.

आता सन टीमबद्दल, कारण हीच मॅच मी सगळ्यात जास्त तयार केली. समोर टॉर्कोल आणि हिसुइअन लिलिगंट. त्यांचा प्लॅन ठरलेला असतो, क्लोरोफिलमुळे उन्हात लिलिगंटचा स्पीड दुप्पट, ती आफ्टर यू (साथीदाराला लगेच चाल देणारी मूव्ह) टाकते, टॉर्कोल लगेच इरप्शन मारतो, 150 पॉवर आणि वर सन. इथे मी पेलिपर मागे ठेवतो. पुढे इन्सिनरोर आणि आर्कालुडॉन. पहिल्या टर्नला इन्सिनरोरची फेक आउट (आधी बसून समोरच्याची चाल चुकवणारी मूव्ह) लिलिगंटवर आणि आर्कालुडॉनच्या जागी पेलिपर स्विच. स्विच आधी होतो, ड्रिझल लागते, सन गेला. लिलिगंट फ्लिंच, त्यामुळे आफ्टर यू नाही. टॉर्कोल सगळ्यात शेवटी इरप्शन मारतो पण आता पावसात, म्हणजे निम्म्या जोराने, आणि समोर फायर रेझिस्ट करणारे दोघं. दुसऱ्या टर्नला वाइड गार्ड की थेट वेदर बॉल हे समोरचा काय करेल त्यावर, पण तिथून मॅच आपल्या हातात असते. फक्त एक लक्षात ठेवायचं, त्यांनी टॉर्कोल बाहेर काढला तर तो सन घेऊन परत येणार आहे, म्हणून पहिली संधी मिळताच त्यालाच पाडायचं, लिलिगंटच्या मागे लागायचं नाही.

आर्कालुडॉन तर टीमचा हिरो आहेच. पावसात इलेक्ट्रो शॉट चार्ज न होता त्याच टर्नला सुटतो आणि सुटण्याआधी स्पेशल अटॅक एक स्टेज वाढतो, 130 पॉवर, अचूकता 100. वरून स्टॅमिना, मार खाल्ला की डिफेन्स वाढतो. मी असॉल्ट वेस्ट (स्पेशल डिफेन्स वाढवणारा आयटम) दिलंय कारण बेस स्पेशल डिफेन्स 65 च आहे. ईव्ही (ट्रेनिंगचे पॉइंट) लावताना स्पीडमध्ये फक्त 12 टाकले. मॉडेस्ट नेचरवर त्याने स्पीड 107 होतो, टेलविंडमध्ये 214, आणि सगळा स्पीड लावलेला ड्रॅगापल्ट असतो 213. एका पॉइंटने पुढे! असे आकडे जुळले की मला अख्खा दिवस बरं वाटतं. टेरा (मॅचमध्ये टाइप बदलण्याची सोय) ग्रास ठेवलाय, ग्राउंड हल्ल्यांसाठी आणि अमूंगसच्या स्पोर या झोपवणाऱ्या मूव्हसाठी. जोडीला रिलाबूम असला की त्याने पसरवलेल्या ग्रासी टेरेनमध्ये अर्थक्वेकचा जोर निम्मा होतो, पण उर्सालुनाच्या हेडलाँग रशला हे लागू नाही, तिथे टेरा लागतोच.

बॅस्क्युलेजन नर, ॲडमंट, स्विफ्ट स्विम. स्पीड 130, पावसात 260. ॲडाप्टेबिलिटीचा (स्वतःच्या टाइपच्या हल्ल्यांचा जोर वाढवणारी ॲबिलिटी) मोह होतो, वेव्ह क्रॅशचा फटका बघून तर होतोच, पण मग स्कार्फ (स्पीड वाढवणारा आयटम) द्यावा लागतो आणि एका मूव्हमध्ये अडकून पडतो. मला प्रोटेक्ट हवा होता म्हणून स्विफ्ट स्विम आणि मिस्टिक वॉटर (वॉटर हल्ल्यांचा जोर वाढवणारा आयटम). लास्ट रिस्पेक्ट्स शेवटासाठी, साथीदार जितके पडलेत तितका 50 ने वाढतो, तिघं पडले असतील तर 200. समोरच्याने टेलविंड लावला तर मात्र 130 च्या वरचा प्रत्येक जण पुढे जातो, तेव्हा आपलाही टेलविंड लागतो किंवा मग ॲक्वा जेट (स्पीड न बघता आधी बसणारी मूव्ह).

इन्सिनरोर रेन टीमवर कशाला, त्याचा फायर पावसात निम्मा होतो, असं वाटणं साहजिक आहे. मी त्याला डॅमेजसाठी आणतच नाही. तो हळू आहे आणि त्याच्याकडे पार्टिंग शॉट आहे, म्हणजे समोरच्या दोघांचे हल्ले होऊन गेल्यावर तो मागे जातो आणि पेलिपर एकही फटका न खाता आत येतो. टर्नच्या मोजणीत एक जातो हे खरं, पण सॅश शाबूत राहतो, आणि पुढचे चार टर्न पूर्ण हातात. वर सांगितलेलं परत आणण्याचं गणित सगळं याच्यावर चालतं. इंटिमिडेट (आत येताच समोरच्यांचा अटॅक कमी करणारी ॲबिलिटी) आणि फेक आउट वेगळंच. व्हिम्सीकॉट प्रँक्स्टरने (अशा मूव्ह आधी टाकू देणारी ॲबिलिटी) सनी डे लावायला आली तरी फेक आउट तिच्या आधी बसते, हे तर फारच कामाचं.

राहिली ट्रिक रूम. पावसाने वाढलेला स्पीड तिथे उलटा अंगावर येतो, बॅस्क्युलेजन सगळ्यात शेवटी चालतो. सहाव्या जागेवर आधी अमूंगस होता, रेज पावडर (समोरच्यांचे हल्ले स्वतःवर ओढणारी मूव्ह), स्पोर, ट्रिक रूममध्ये स्वतःच संथ, आणि पावसामुळे फायरची भीतीही कमी. पण समोर ग्रास टाइप असला की स्पोर आणि रेज पावडर दोन्ही बाद होतात, आणि या फॉरमॅटमध्ये रिलाबूम जागोजागी आहे. सध्या सिनिस्चा लावून बघतोय. रेज पावडर आहेच, हॉस्पिटॅलिटीमुळे आत येताना जोडीदाराला एक चतुर्थांश एचपी मिळतो, आणि समोरच्याने लावलेली ट्रिक रूम आपल्याच ट्रिक रूमने उलटवता येते. आर्कालुडॉनसोबत तो फार छान बसतोय. पेलिपरसोबत अजून खात्री नाही, कारण सिनिस्चाला ट्रिक रूम लावायला जो टर्न लागतो तो पावसाच्या पाचातून जातो. पुढच्या आठवड्यात फक्त ट्रिक रूम टीम्ससमोर सिनिस्चा आणि इन्सिनरोर पुढे, पेलिपर आणि आर्कालुडॉन मागे अशीच जोडी खेळणार आहे, म्हणजे पाऊस ट्रिक रूम संपत आल्यावर सुरू होईल. त्यात बॅस्क्युलेजन बाहेर बसतो, तेवढं मला चालेल.