तलावपाळीच्या फेऱ्या आणि घड्याळातला आकडा

ठाण्यातल्या तलावपाळीवर अर्धा तास चाललात आणि मनगटावरच्या घड्याळाने 180 कॅलरी दाखवल्या, तर लगेच खूश होऊ नका. आधी हिशेब करा. ताशी 5 किलोमीटरच्या चालीला साधारण 3.5 मेट धरतात; मेट म्हणजे नुसतं बसण्याच्या किती पट ऊर्जा लागते तो आकडा. त्याला वजनाने आणि तासांनी गुणायचं. 70 किलोच्या माणसाचे होतात 3.5 × 70 × 0.5, म्हणजे सुमारे 122. त्यातल्या 35 तर नुसतं बसूनही खर्च झाल्याच असत्या. चालण्याच्या खऱ्या 87, म्हणजे वडापावचा जेमतेम तिसरा हिस्सा.

घड्याळ फसतं ते नाडीमुळे. मे महिन्यातल्या दमट हवेत अंग थंड ठेवायला हृदय जोरात धडधडतं, आणि घड्याळाला ती मेहनत वाटते. त्यात जुनं वजन भरलेलं असेल तर विचारूच नका!

जिन्याचंही तसंच. 3 मीटरचा एक मजला चढायला 70 किलोच्या माणसाला जेमतेम 2 कॅलरी लागतात. तरी घोडबंदरच्या टॉवरमधल्यांनी लिफ्ट सोडावीच. दमसास वाढतो, मांड्या मजबूत होतात.

ट्रेडमिलला चढ देऊन दांडा घट्ट धरू नका. भार हातांवर जातो, आकडा मात्र तसाच वाढत राहतो.