चौसष्ट वाटा, अठ्ठावीस पॅसेज

पुराच्या रात्री वडिलांचं औषध घेऊन घराकडे निघालेली एक मुलगी. वाटेत सहा ठिकाणी कुणी ना कुणी तिला हाक मारतं. थांबायचं की पुढे जायचं, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. ही गोष्ट लिहायला ट्वाइन घेतलं. वाचणाऱ्याच्या निवडीनुसार वळणाऱ्या गोष्टी लिहायचं, क्रिस क्लिमास यांनी २००९ मध्ये आणलेलं हे साधन फुकट आहे, आणि दुहेरी चौकटी कंसात नाव लिहिलं की पुढचा पॅसेज, म्हणजे गोष्टीचा पुढचा तुकडा, आपोआप उभा राहतो.

या सहजपणातच मी अडकले. प्रत्येक उत्तराला नवी फांदी काढत तीन हाका ओलांडेपर्यंत १५ पॅसेज झाले. मग वहीत हिशेब मांडला. सहा निवडींचं पूर्ण झाड म्हणजे १२७ पॅसेज, त्यातले ६४ शेवट. इतके वेगळे शेवट माझ्यापाशी नव्हतेच.

वाट सापडली ती शाळेतल्या लघु-गुरूंत. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर हलायुधानं दहाव्या शतकात टीका लिहिली, तिच्यात मेरुप्रस्तार आहे, म्हणजे लघु-गुरूंच्या रचना मोजणारा आकड्यांचा त्रिकोण. सहा अक्षरांच्या रचना ६४. पण गुरू किती एवढंच मोजलं, तर गट सातच : १, ६, १५, २०, १५, ६, १. माझ्या मुलीचं थांबणं म्हणजे गुरू! ती किती वेळा थांबली एवढंच पाहिलं की फुटलेल्या फांद्या पुन्हा जुळतात. पॅसेज २८, शेवट ७, वाटा मात्र ६४ च्या ६४. त्या रात्री मला झोप आली नाही.

खरं लिहिणं इथून सुरू झालं. तीनदा थांबलेल्यांच्या शेवटाला २० वाटा येऊन मिळतात, आणि तिथलं प्रत्येक वाक्य वीसही वाटांवर खरं असावं लागतं. मी लिहिलं, ‘कंदील म्हाताऱ्यापाशीच राहिला होता.’ धाकटी बहीण खेळून म्हणाली, “ताई, मी म्हाताऱ्याकडे थांबलेच नाही. कंदील माझ्या हातात आहे.”

यावर उपाय व्हेरिएबलचा, म्हणजे वाचणाऱ्यानं मागे काय निवडलं ते लक्षात ठेवणाऱ्या खुणेचा. पण सगळंच लक्षात ठेवायचं म्हटलं तर पुन्हा ६४. म्हणून दोनच गोष्टी ठेवल्या : कंदील, आणि पुलाजवळचं बाळ. कंदील दिला असेल तर अंधारातलं वाक्य, नसेल तर उजेडातलं.

तपासायला ६४ वाटा आम्ही दोघींनी निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या.

एकदाही न थांबणाऱ्याला एकच वाट आहे. तो शेवट मी सगळ्यांत उशिरा लिहिला. दार उघडतं, औषधाची पुडी कोरडी आहे, आणि वडील विचारतात, “वाटेत कुणी भेटलं नाही?”